ब्रिटनमध्ये नवे आहात? वीज कंपनी बदलून बिल कमी करण्याची पद्धत

महाराष्ट्रातून इथं आलेल्या माणसाला 'वीज कंपनी बदला' हा सल्लाच मुळी विचित्र वाटतो. आपल्याकडे मुंबईच्या उपनगरांत टाटा की अदानी एवढी निवड असते; बाकी बहुतेक महाराष्ट्रात घरगुती वीज म्हणजे महावितरण, विषय संपला. ब्रिटनमध्ये मात्र मोबाइलचं सिम बदलावं तशी वीज कंपनी बदलता येते. लंडनच्या हॅरो भागातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी चुकीचाच आकडा बघत बसले असते, कारण पहिला हिवाळाभर माझी समजूत होती की बँकेतून दरमहा कापले जाणारे पैसे म्हणजेच विजेचं बिल.

ते बिल नसतं, तो हप्ता असतो. हा फरक पुढे वारंवार येणार आहे.

हे सगळं इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी आहे. बेलफास्ट किंवा उत्तर आयर्लंडमध्ये कुठे असाल तर तिथला बाजार, नियामक आणि नियम वेगळे आहेत.

आधी भीती घालवू

कंपनी बदलली म्हणून तार बदलत नाही. रस्त्याखालची केबल, घरातला मीटर, भिंतीतला बोर्ड, सगळं आहे तिथेच राहतं. कोणी घरी येत नाही, दिवे मिनिटभरही जात नाहीत. तारांचं जाळं सांभाळणारी कंपनी प्रदेशानुसार ठरलेली असते (लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या बऱ्याच भागात ती 'यूके पॉवर नेटवर्क्स') आणि ती तुम्हाला निवडता येत नाही. वीज गेली तर १०५ हा मोफत नंबर फिरवायचा, तोही या तारवाल्यांचा. ऑक्टोपस, ब्रिटिश गॅस, ईडीएफ, ई-ऑन नेक्स्ट, ओव्हो, स्कॉटिश पॉवर या ज्या कंपन्या तुम्ही निवडता, त्या घाऊक बाजारातून वीज विकत घेतात, तुम्हाला विकतात आणि बिल पाठवतात.

कंपनी बुडाली तर? २०२१-२२ मध्ये घाऊक गॅसचे भाव भडकले तेव्हा सुमारे तीस कंपन्या बुडाल्या. तरी एकाही घरात त्यामुळे अंधार झाला नाही. 'ऑफजेम' हा नियामक अशा ग्राहकांना दुसऱ्या कंपनीकडे सोपवतो आणि तुमची खात्यातली शिल्लकही सुरक्षित राहते.

घरात पाऊल ठेवलं त्या दिवशी

बॅगा उघडण्याआधी मीटर शोधा. जुन्या घरांत तो जिन्याखाली किंवा दाराबाहेरच्या पेटीत असतो, फ्लॅटमध्ये तळमजल्यावरच्या कपाटात एका रांगेत सगळ्यांचे. विजेचा आणि गॅसचा, दोन्हींचा फोटो काढा, मीटरवरचा सिरीयल नंबरही फोटोत येऊ द्या. दशांशानंतरचे किंवा लाल रंगातले आकडे रीडिंगमध्ये धरायचे नसतात.

फ्लॅटवाल्यांनी इथं विशेष लक्ष द्यावं. आम्ही पहिले चार महिने इमानेइतबारे रीडिंग पाठवलं, पण ते शेजारच्या फ्लॅटच्या मीटरचं. कपाटातल्या चिठ्ठ्या कोणीतरी कधीतरी अदलाबदल करून चिकटवल्या होत्या. शेजारी एकटा आणि बहुतेक वेळ बाहेरगावी, त्यामुळे आमचं बिल अगदी दृष्ट लागण्यासारखं कमी यायचं. एप्रिलमध्ये हिशेब जुळवला गेला तेव्हा चारशेच्या वर पौंड थकबाकी निघाली. साधी परीक्षा आहे: घरातला मुख्य स्विच बंद करा आणि कपाटातला तुमचा मीटर थांबतो का ते बघा. न थांबला तर तो तुमचा नाही.

आता सध्याची कंपनी कोण हे शोधायचं. आधीच्या भाडेकरूची जी कंपनी होती तीच तुम्हालाही आपोआप वीज देत असते, तुम्ही सही केलेली नसली तरी. कायद्याच्या दृष्टीने हा गृहीत धरलेला करार, आणि भाडेकरार सुरू झाल्याच्या तारखेपासूनचे पैसे तुमच्याकडे लागतात. लेटिंग एजंटला, म्हणजे घर भाड्याने मिळवून देणाऱ्याला, विचारा. त्याला माहीत नसेल तर विजेसाठी तुमच्या भागातल्या तारवाल्या कंपनीला, आणि गॅससाठी 'फाइंड माय सप्लायर' या संकेतस्थळाला. 'दि ऑक्युपायर' असं लिहिलेली पाकिटं येत असतील तर ती केराच्या टोपलीत टाकू नका, ती तुमच्यासाठीच असतात.

कंपनीला फोन करून नाव, आल्याची तारीख आणि रीडिंग द्या. नावं देताना नवरा-बायको दोघांचीही द्या. बँक खातं, जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नोंदणी, लायब्ररीचं कार्ड, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल मागतात. ज्याचं नाव बिलावर नाही तो सहा महिने पुराव्यासाठी धावत राहतो. आपल्याकडच्या कितीतरी जोडप्यांत ती वेळ बायकोवर येते.

मीटर प्रीपेड असेल, म्हणजे किल्ली किंवा कार्ड घालून पैसे भरायचे असतील, तर एक पैसाही भरण्याआधी हा फोन करा. आधीच्या भाडेकरूची थकबाकी त्या मीटरवर चढवलेली असू शकते आणि तुमच्या प्रत्येक टॉप-अपमधून ती वळती होत राहते.

तुम्हाला बदलायचा हक्क आहे का?

भाडेकरूंमध्ये समज असा की हे घरमालकाचं काम. बिल तुमच्या नावावर येत असेल आणि पैसे तुम्हीच थेट कंपनीला भरत असाल, तर कंपनी निवडण्याचा हक्क तुमचा आहे. मालकाने किंवा एजंटने विनाकारण अडवता कामा नये. भाडेकरारात 'अमुक कंपनीच ठेवावी' किंवा 'जाताना मूळ कंपनी परत लावावी' असं कलम असू शकतं, ते वाचून ठेवा. कंपनी बदलल्याचं एका ओळीच्या ईमेलने मालकाला कळवलं की पुढे वाद होत नाहीत. मीटरचा प्रकार बदलायचा असेल, समजा प्रीपेडचा साधा करायचा, तर मात्र आधी विचारा.

'बिलांसकट भाडं' अशी खोली असेल तर निवड मालकाची. मालक मीटर बघून वेगळे पैसे घेत असेल तर त्याने स्वतः दिलेल्या दरापेक्षा जास्त दराने तुम्हाला वीज विकायची नाही, असा नियम आहे. त्याच्याकडे त्याचं बिल मागायला संकोच करू नका.

नव्या उंच इमारतींत बऱ्याचदा गॅस नसतो, तळघरातल्या सामाईक यंत्रणेतून गरम पाणी येतं. तो हीट नेटवर्कचा करार बदलता येत नाही. विजेची कंपनी बहुधा बदलता येते.

आता मुख्य गोष्ट: तीन आकडे

दोन आकडे दराचे, एक तुमचा. पहिला युनिटचा दर. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, इथेही आणि तिथेही. दुसरा स्टँडिंग चार्ज, म्हणजे दिवा लावा न लावा, रोजचा ठरलेला आकार. तिसरा, वर्षाला तुम्ही किती युनिट वापरता.

महावितरणच्या बिलावरून आलेल्या माणसाचं डोकं इथं थोडं उलटं चालवावं लागतं. आपल्याकडे शंभर युनिटपर्यंत एक दर, मग तीनशेपर्यंत त्याहून जास्त, मग पाचशे. जितकं जास्त वापराल तितका पुढचा युनिट महाग. वर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क. ब्रिटनमध्ये नेहमीच्या टॅरिफवर, म्हणजे दरयोजनेवर, स्लॅब नाहीत. पहिला युनिट आणि चार हजारावा युनिट एकाच भावाचे. व्हॅट पाच टक्के, आणि जाहिरातीतल्या घरगुती दरांत तो बहुधा आधीच धरलेला असतो. पण स्टँडिंग चार्ज भरभक्कम असल्यामुळे कमी वापरणाऱ्याला प्रत्येक युनिट प्रत्यक्षात महाग पडतो. म्हणजे आपल्याकडे काटकसर करणाऱ्याला दर कमी, इथं काटकसर करणाऱ्याच्या बिलात निम्मा नाही तरी बराच मोठा वाटा न वापरलेल्या विजेचा.

१ जानेवारी २०१९ पासून इथं 'प्राइस कॅप' आहे. ऑफजेम दर तीन महिन्यांनी (जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर) कमाल दर ठरवतं. बातमीत मथळा येतो, २०२५ च्या शेवटच्या तिमाहीसाठी आला तसा: 'कॅप १,७५५ पौंड'. नवखा माणूस समजतो की वर्षाला यापेक्षा जास्त बिल येणारच नाही. तसं अजिबात नाही. मर्यादा दोन दरांवर आहे, बिलावर नाही. तो मथळ्यातला आकडा वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या कल्पित सरासरी घराचा. तुम्ही दुप्पट वापरलंत तर जास्तच भराल.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तिमाहीत हे दर डायरेक्ट डेबिटने (बँकेतून दरमहा आपोआप कापून) भरणाऱ्यांसाठी सरासरीने असे होते: वीज २६.३५ पेन्स युनिट आणि रोज ५३.६८ पेन्स स्टँडिंग चार्ज, गॅस ६.२९ पेन्स युनिट आणि रोज ३४.०३ पेन्स. तुमच्या वेळचे दर वेगळे असतील, प्रदेशानुसारही थोडा फरक पडतो, पण हिशेबाची रीत हीच.

विजेचा हिशेब करून बघू. वरचा कॅपचा दर हा पहिला पर्याय. समजा दुसऱ्या कंपनीचा युनिट स्वस्त, २४.२ पेन्स, पण स्टँडिंग चार्ज ६२ पेन्स. तिसरीचा युनिट महाग, २९ पेन्स, पण स्टँडिंग चार्ज फक्त ३५ पेन्स. (दुसरी आणि तिसरी मी हिशेबापुरत्या बनवल्या आहेत.)

वर्षाला १,८०० युनिट वापरणारं, दिवसभर कामावर असणारं जोडपं: पहिलीकडे ६७० पौंड, दुसरीकडे ६६२, तिसरीकडे ६५०.

वर्षाला ४,१०० युनिट वापरणारं घर, आजी-आजोबा आलेले, घरून काम, दोन मुलं: पहिलीकडे १,२७६, दुसरीकडे १,२१९, तिसरीकडे १,३१७.

म्हणजे जोडप्याला जी सर्वांत स्वस्त तीच मोठ्या घराला सर्वांत महाग. म्हणूनच 'आमच्याकडे अमुक कंपनी स्वस्त आहे हो' हा मंडळाच्या गणपतीत मिळणारा सल्ला मी हसून ऐकते आणि घरी येऊन गुणाकार करते.

तुमचे वर्षाचे युनिट कुठे मिळतील? बिलावर 'अंदाजित वार्षिक वापर' छापलेला असतो. नव्या घरात तो आधीच्या माणसाचा असतो, त्यावर विसंबू नका. दर रविवारी रीडिंग वहीत लिहा. सहा-आठ आठवड्यांत विजेचा अंदाज येतो. गॅसचा मात्र येत नाही, कारण तो सगळा हिवाळ्यावर आहे. तोवर कमी वापराचं घर १,८०० युनिट वीज आणि ७,५०० गॅस, जास्त वापराचं ४,१०० आणि १७,०००, हे ऑफजेमचे २०२५ मधले ठोकताळे घेऊन चाला.

फिक्स्ड, व्हेरिएबल की आणखी काही

काहीच निवडलं नाही तर तुम्ही 'स्टँडर्ड व्हेरिएबल'वर असता. दर कॅपबरोबर वरखाली होतो, कधीही सोडता येतं, दंड नाही. बहुतेक लोक आळसाने इथेच राहतात.

'फिक्स्ड'मध्ये वर्षभर किंवा दोन वर्षं दोन्ही दर गोठतात. पुन्हा सांगते, दर गोठतात, बिल नाही. मुदतीआधी सोडलं तर बहुधा एक्झिट फी असते, वीज आणि गॅसची वेगवेगळी. शेवटच्या ४९ दिवसांत सोडलं तर ती घेता येत नाही. कॅप फिक्स्डला लागू नाही, त्यामुळे फिक्स्ड म्हणजे स्वस्त असं गृहीत धरू नका. कॅपपेक्षा महाग फिक्स्डही बाजारात असतात.

माझं मत असं. भाडेकरार सहा महिन्यांचा आहे आणि पुढे कुठे जाणार माहीत नाही, तर एक्झिट फी नसलेलं फिक्स्ड शोधा, नाही मिळालं तर व्हेरिएबलवर राहा. वर्षभर नक्की तिथेच आहात आणि आजच्या कॅपपेक्षा तुमच्या वापराला खरंच चाळीस-पन्नास पौंड कमी पडत असेल, तर फिक्स करून टाका आणि विसरा. पुढच्या तिमाहीत कॅप उतरेल का याचे आडाखे बांधण्यात ज्यांना गंमत वाटते त्यांनी बांधावेत. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कॅप १,२७७ पौंड होती, वर्षभरात ती ३,५४९ झाली आणि सरकारला मध्ये पडून सरासरी घराचं बिल २,५०० वर रोखावं लागलं. हे आधी कोणाच्या गावीही नव्हतं. त्या काळापूर्वीचे 'कंपनी बदला आणि तीनशे पौंड वाचवा' असे लेख अजून इंटरनेटवर फिरतात. तेवढा फरक आता सहसा मिळत नाही.

मग आहेत वेळेनुसार बदलणारे दर. 'इकॉनॉमी सेव्हन'मध्ये रात्रीचे सात तास स्वस्त आणि दिवस महाग. भिंतीत रात्री तापणारे स्टोरेज हीटर असतील तर ठीक. ते नसतील तर साधारण चाळीस टक्के वापर रात्री गेल्याशिवाय परवडत नाही. घर घेताना मीटरवर दोन रीडिंग दिसली तर समजा की तुम्ही यात आहात, आणि स्टोरेज हीटर नसतील तर कंपनीला एकाच दराने आकारणी करायला सांगा. ऑक्टोपसच्या 'अॅजाइल'सारख्या टॅरिफमध्ये दर अर्ध्या तासाला भाव बदलतो, उद्याचे भाव आज दुपारी कळतात. वाऱ्याच्या रात्री भाव कधी शून्याखालीही जातो, हे वाचून आपला माणूस हरखतो. पण सर्वांत महाग वेळ संध्याकाळी चार ते सात. म्हणजे नेमकं मुलं शाळेतून आली, कुकर लावला, पोळ्या सुरू झाल्या, तीच. इलेक्ट्रिक गाडी रात्री चार्ज करणाऱ्यांसाठी हे उत्तम, इंडक्शनवर रोज ताजा स्वयंपाक करणाऱ्या घरासाठी मी तरी नको म्हणेन. अशा टॅरिफला स्मार्ट मीटर लागतो. तो कंपनी फुकट बसवून देते, आणि टॅरिफ काही का असेना, रीडिंग पाठवायचा व्याप वाचतो म्हणून बसवून घ्यावा.

तुलना

तुलनेची संकेतस्थळं बरीच आहेत. त्यांना कंपन्यांकडून कमिशन मिळतं, त्यामुळे सुरुवातीला जी यादी दिसते ती अनेकदा फक्त कमिशनवाल्यांची असते. 'सगळी टॅरिफ दाखवा' अशी खूण शोधून ती करा. 'सिटिझन्स अॅडव्हाइस' या संस्थेचं तुलनेचं साधन कमिशनवर चालत नाही, शिवाय ग्राहकसेवेसाठी कंपन्यांना तारे दिलेले असतात तेही बघता येतात. दोन पौंडांच्या फरकासाठी फोन न उचलणारी कंपनी घेऊ नये, हे मी अनुभवाने सांगते.

साइट तुमचा 'महिन्याचा खर्च' विचारेल. तो भरू नका, वर्षाचे युनिट भरा. आणि निकालात 'वर्षाला अमुक बचत' या मोठ्या हिरव्या आकड्याखाली लिहिलेले युनिट दर आणि स्टँडिंग चार्ज उतरवून घेऊन स्वतः एकदा गुणाकार करा.

वीज आणि गॅस एकाच कंपनीकडून घेतले पाहिजेत असं नाही. पैसे भरण्याची पद्धत बघा: डायरेक्ट डेबिटपेक्षा बिल आल्यावर भरणं महाग पडतं. नुकतेच आला असाल आणि क्रेडिट हिस्ट्री (पूर्वीची देणी वेळेवर फेडल्याची नोंद) नसेल तर काही कंपन्या तपासणी करून अनामत मागू शकतात. नाही जमलं तर दुसरी कंपनी बघा, काही महिन्यांनी पुन्हा विचारा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रेफरलच्या लिंक फिरतात, दोघांनाही काही पौंड मिळतात. हरकत नाही, पण आधी गुणाकार, मग लिंक.

प्रत्यक्ष बदल

हे सगळ्यात सोपं, म्हणून थोडक्यात. नव्या कंपनीच्या संकेतस्थळावर पोस्टकोड, पत्ता, वार्षिक युनिट, बँकेचा सॉर्ट कोड आणि खाते क्रमांक भरा. विजेच्या जोडणीचा १३ आकडी एमपॅन नंबर बिलावर असतो (लंडनच्या बऱ्याच भागात तो १२ ने सुरू होतो), गॅसचा एमपीआरएन वेगळा. फ्लॅटवाल्यांनी हा नंबर आणि मीटरचा सिरीयल नंबर आपलाच आहे ना, हे ताडून बघा.

जुन्या कंपनीला कळवायची गरज नाही, नवी कंपनीच कळवते. पाच कामाच्या दिवसांत बदल होतो. मत बदललं तर १४ दिवसांत करार रद्द करता येतो. बदलाच्या दिवसाच्या आसपास रीडिंगचा फोटो काढून नव्या कंपनीला द्या. तोच आकडा जुनीचा शेवटचा आणि नवीचा पहिला असतो.

जुना डायरेक्ट डेबिट बँकेतून स्वतः तोडू नका. शेवटचं बिल सहा आठवड्यांत यायला हवं आणि शिल्लक असेल तर त्यानंतर दहा कामाच्या दिवसांत परत मिळायला हवी. उशीर झाला तर भरपाईचा नियम आहे.

जुन्या कंपनीची थकबाकी २८ दिवसांपेक्षा जुनी असेल तर ती तुमचं जाणं रोखू शकते. प्रीपेड मीटरवाल्यांना मात्र ५०० पौंडांपर्यंतची थकबाकी सोबत घेऊन जाता येतं.

हप्त्याची गंमत

कंपनी वर्षाच्या अंदाजाला बाराने भागते आणि दरमहा तेवढे पैसे खात्यातून घेते. उन्हाळ्यात तुमचे पैसे तिच्याकडे साचतात, हिवाळ्यात ते खर्च होतात. त्यामुळे 'नवी कंपनी ८५ पौंड घेते, जुनी ११० घेत होती' याला काडीचा अर्थ नाही. अंदाज कमी धरून हप्ता छोटा दाखवणं फार सोपं आहे, आणि मार्चमध्ये थकबाकीचं पत्र येतं. उलटही होतं: सप्टेंबरमध्ये थोडी शिल्लक हवीच, पण एप्रिलअखेरीस, हिवाळा संपल्यावर, दोन-तीन हप्त्यांएवढी शिल्लक पडून असेल तर ती परत मागा. पैसे तुमचे आहेत. रीडिंग नियमित दिलं तर हप्ताही ताळ्यावर येतो.

कंपनीच्याच चुकीने बिल पाठवायचं राहिलं आणि दोन वर्षांनी एकदम मागणी आली, तर १२ महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे घेता येत नाहीत. आमच्या बाबतीत रीडिंगची चूक आमचीच होती, त्यामुळे चारशे पौंड हप्त्यांनी फेडले.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. आठ आठवड्यांत सुटली नाही तर 'एनर्जी ऑम्बुड्समन'कडे जा, फुकट आहे.

दारावर किंवा फोनवर 'ऑफजेममधून बोलतोय, परतावा द्यायचाय, बँकेचे तपशील सांगा' म्हणणारा चोर असतो. ऑफजेम वीज विकत नाही आणि घरी फोन करत नाही.

कंपनी बदलताना आणखी एक नोंदणी उरकून घ्या. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, वृद्ध आई-वडील किंवा विजेवर चालणारं वैद्यकीय उपकरण असेल तर 'प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर'वर नाव घाला. वीज जाणार असेल तर आधी कळवतात. कंपनी बदलली की नाव पुन्हा घालावं लागेल का, हे नव्या कंपनीला विचारा.

बदलूनही फरक पडला नाही तर

दर बदलून बिलाचा थोडाच भाग वाचतो. बाकीचं घरात आहे. वरच्या आकड्यांत विजेचा युनिट गॅसच्या चौपट महाग आहे, म्हणजे पाणी कशावर तापतं हे कंपनीपेक्षा महत्त्वाचं. नऊ किलोवॅटचा इलेक्ट्रिक शॉवर दहा मिनिटं चालवला की दीड युनिट, म्हणजे चाळीसएक पेन्स. चार माणसं रोज असं न्हाली तर वर्षाला साडेपाचशेच्या वर पौंड फक्त आंघोळीचे. गॅसचा बॉयलर असूनही कपाटातल्या टाकीचा इमर्शन हीटर कोणीतरी चालू ठेवलेला असणं, हे आपल्या घरांत मी तीनदा पाहिलं. त्याचा स्विच छोटा असतो, त्यावर लाल दिवा असतो, आणि गीझरच्या सवयीने आपण तो चालू करून विसरतो.

जाताना

घर सोडताना कंपनीला स्वतः कळवावं लागतं, इथं ते आपोआप होत नाही. शेवटच्या दिवशी पुन्हा दोन्ही मीटरचे फोटो, किल्ल्या देण्याआधी. पुढचा पत्ता द्या. भारतात कायमचे परतत असाल तर शेवटचं बिल येऊन शिल्लक जमा होईपर्यंत इथलं बँक खातं बंद करू नका, आणि ईमेल ऑफिसचा दिला असेल तर तो आधी बदलून घ्या.